आख्यानासाठी मुका पंखा

या, असे पुढे या. तिकडे दाराशी कशाला बसता? सतरंजी इथवर अंथरली आहे ती मोकळी राहायला नाही. लहानग्यांना मांडीवर घ्या, पानाचा डबा मधे सरकवा आणि कान तेवढे इकडे द्या. एक गोष्ट ऐकवायची आहे. तिच्यात एक कीर्तनकार आहेत, त्यांची सून आहे, एक पखवाजी आहे, आणि कॉम्प्युटरच्या पोटात फिरणारा एक पंखा आहे. हसा, हसा. पण त्या पंख्यावाचून ह्या गोष्टीतला सगळ्यात गोड आवाज कधीच पुसून गेला असता.

तर सापगावात धर्माबुवा नावाचे कीर्तनकार राहत. शहापूर आणि मुरबाड ह्या दोन तालुक्यांत असा एक सप्ताह नव्हता, जिथला नारळ त्यांच्या ओंजळीत पडला नव्हता. आवाज काही पहाडी नव्हता. पण मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून बसलेल्या माणसाला वाटे, बुवा आपल्याच कानाशी बोलताहेत. दिवसा भातशेती, संध्याकाळी कीर्तन, असा जन्म चालला होता. दोन हजार पाच सालच्या चैत्रात त्यांचा घसा धरला. पाडव्याला धरला तो हनुमान जयंती उलटली तरी सुटेना. मुंबईच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि थोरल्या मुलाला, वाल्मिकला, बाजूला घेऊन सांगितलं, "गाठ काढावी लागेल. जीव वाचेल. आवाजाचं सांगता येत नाही."

ऑपरेशन सोमवारचं ठरलं. रविवारी दुपारपर्यंत दाखल व्हायचं. तोवर गायचं नाही, ओरडायचं नाही. दिवसातून तासभर हळू बोललं तर चालेल.

वाल्मिक भातसानगरला धरणावर नोकरीला. त्याने ही बातमी घरी आणली तेव्हा त्याची बायको देवकी लग्नपत्रिका जुळवत बसली होती. पडवीलगतच्या खोलीत तिचा कॉम्प्युटर होता, शहापुरातून जुना घेतलेला. लग्नसराईत दोन तालुक्यांतल्या नवरानवरींची नावं त्याच्यावरून जायची. देवकीने सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, "नावाड्याचं आख्यान कुणाला येतं?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं.

बाकीची आख्यानं पोथ्यापुराणांतली. ती कुणीही सांगितली असती. नावाड्याचं आख्यान मात्र बुवांनी स्वतः रचलेलं. धरण व्हायच्या आधी भातसा नदीवर एक नावाडी होता म्हणे. पलीकडच्या काठाला सप्ताह बसे आणि हा सगळ्या गावाला कीर्तनाला पोचवे, पण स्वतःला जाता येत नसे, कारण मागून कुणीतरी हाक मारायचंच. मग तो मधल्या धारेत वल्हं थांबवून ऐके. वल्हं थांबलं की कीर्तन ऐकू येई, पण नाव वाहवत जाई. वल्हं मारलं की नाव सरळ चाले, पण पाण्याच्या आवाजात कीर्तन बुडे. ह्या दोहोंच्या मधे अडकलेल्या माणसाला देव कसा भेटला, ती कथा. ऐकताना बायका पदराने डोळे पुसत आणि पुरुष उगाच तंबाखू मळत.

देवकीने ते आख्यान एकदा टाइप करून पाहिलं होतं. चौदा पानं झाली. वाचून बुवा म्हणाले होते, "शब्द सगळे हायेत गो. पण ह्यात नदी नाय." खरंच होतं. नदी होती ती बुवांच्या थांबण्यात, शब्द लांबवण्यात, मधेच खाली उतरणाऱ्या आवाजात. ते कागदावर येत नव्हतं. जुन्या कॅसेटी होत्या चार, त्यांना दोन पावसाळ्यांत बुरशी आली. पाचवी टेपनेच गिळली.

"कॉम्प्युटरवर भरून घेऊ," वाल्मिक म्हणाला. "सीडी करू. सीडीला बुरशी नाय येत."

दुसऱ्या दिवशी त्याने माइक आणला आणि बुवांना खुर्चीवर बसवून पाच मिनिटं भरून घेतली. मग तिघांनी ऐकलं. बुवांच्या हळू आवाजामागे एक किरकिरी घरघर सतत चालली होती, बारीक आणि तीक्ष्ण.

"आबा पिठाच्या गिरणीत बसून बोलतायत असं वाटतंय," वाल्मिक म्हणाला.

बुवा हसले. बोलायला बंदी म्हणून त्यांनी नातवाची पाटी मागवली होती. तिच्यावर लिहिलं, 'दळण कुणाचं?'

घरघर होती ती प्रोसेसरवरच्या पंख्याची. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. ते काम करताना तापतं. त्याच्यावर धातूच्या पात्यांचा ठोकळा बसवलेला असतो आणि ठोकळ्यावर एवढासा पंखा. लहान पंखा, म्हणून जिवाच्या आकांताने फिरायचा. मांडवातल्या कीर्तनात चाळीस टाळ आणि पखवाज वाजत असताना असे दहा पंखे फिरले असते तरी कळलं नसतं. आता मात्र बुवांना कुजबुजतच सांगायचं होतं, आणि कुजबुजीच्या पाठीला तो पंखा चिकटला होता.

देवकीने सगळे उपाय केले. माइकची वायर वाढवून माइक माजघरात नेला, तर वायरीतून विजेची गुणगुण आली. कॅबिनेटवर गोधडी टाकली, तर दहा मिनिटांत यंत्र तापलं आणि आपणहून बंद पडलं. पंखाच काढला तर त्याहून लवकर. मागाहून आवाज पुसायचा एक प्रोग्रॅम तिच्याकडे होता. त्याने घरघर पुसली आणि तिच्यासंगे बुवांचे श्वासही पुसून टाकले. उरलं ते पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. ते ऐकून बुवांनी पाटी मांडीवर पालथी ठेवली.

मंगळवारी मुरबाडच्या एस.टी.तून कमळूकाका उतरले. खांद्याला खोळीतला पखवाज. मुरबाडच्या पलीकडच्या एका वाडीचा हा माणूस तीस वर्षं बुवांच्या डाव्या हाताला उभा राहून वाजवत आला होता. बुवांचा श्वास कुठे संपणार हे बुवांच्या आधी कमळूकाकांच्या हाताला कळे, असं लोक म्हणत. त्यांनी पखवाज उतरवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "हां, आता कुठं बसायचं सांग. आख्यान भरताय ऐकलं."

देवकी म्हणाली, "काका, पखवाज नाय वाजवायचा. आबांना मोठ्यानं बोलायची बंदी हाय. तुमी हात टाकलात की त्यांचा आवाज बुडेल."

कमळूकाकांनी बुवांकडे पाहिलं. बुवांनी मान खाली घातली. काकांनी अर्धी सोडलेली खोळ पुन्हा वर ओढली आणि नाडीला गाठ मारली.

"मंग अडलंय कशानं?" त्यांनी विचारलं.

देवकीने घरघर ऐकवली. कमळूकाकांनी डोळे मिटून ऐकली. "हा पंखा दात खातोय," ते म्हणाले. "दुसरा नाय मिळत?"

"मिळतो. कल्याणला. आवाज कमी करणारे असतात म्हणे. पण त्यातला कुठला घ्यायचा ते मला नाय कळत."

"उद्या मी येतो तुझ्यासंगं."

"काका, तुमाला पंख्यातलं काय कळतं?"

"पंख्यातलं काय नाय कळत. आवाजातलं कळतं."

बुधवारी दोघं कल्याणला गेली. बाजारामागच्या गल्लीत कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं एक चिंचोळं दुकान होतं. गल्ल्यावर चंदा नावाची बाई, चष्मा कपाळावर चढवलेला, हातात स्क्रू ड्रायव्हर. देवकीने रंग बिघडलेल्या एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर प्रोसेसरच्या बैठकीचा, म्हणजे सॉकेटचा, नंबर लिहून आणला होता. चंदाने तो वाचला, पत्रिका उलटून पाहिली. "लग्नाला बोलावताय की पंख्याला?"

"पंख्याला," देवकी म्हणाली. "आवाज न करणारा पाहिजे."

"न करणारा नसतो, ताई. कमी करणारा असतो." चंदाने तीन खोकी काउंटरवर मांडली. "ह्याच्यावर आकडे लिहिलेत. जेवढा आकडा कमी तेवढा आवाज कमी. पण आकडा कंपनीचा, कान तुमचा."

पहिला होता नखशिखांत तांब्याचा, ताम्हनासारखा झळझळीत. आकडा सगळ्यात कमी. देवकीचं मन त्याच्यावर बसलं. कमळूकाकांनीही त्याला दोन बोटांनी नमस्कार केला. "देवाच्या भांड्याचं तांबं दिसतंय," ते म्हणाले. दुसरा मधला. तिसरा काळा, ओबडधोबड, ॲल्युमिनियमच्या पात्यांचा केवढा थोरला ठोकळा, आणि वर बशीएवढा पंखा. आकडा तांब्याच्यापेक्षा चांगलाच जास्त.

"चालू करून दाखवा," काका म्हणाले.

चंदाने तिन्हींना एकेक करून वायर जोडली. पण बाहेर गाढवावरून रेती चालली होती, समोर कुणी भांडी ठोकत होतं. काही कळेना. कमळूकाकांनी दुकानाचा छतावरचा पंखा बंद करायला लावला. मग म्हणाले, "बाय, शटर जरा खाली घेतेस?"

"काका, गिऱ्हाईक जाईल माझं."

"दोन मिनटं. ज्याच्यासाठी घेतोय ना, त्यानं आमाला तीस वर्षं ऐकवलंय. आमाला दोन मिनटं ऐकू दे."

चंदाने त्यांच्याकडे पाहिलं आणि शटर गुडघ्यापर्यंत ओढलं.

आता काकांनी एक गोष्ट केली. कानाने ऐकायच्या आधी त्यांनी प्रत्येक फिरत्या यंत्राच्या कडेला तळहात टेकवला, पखवाजाच्या वादीचा ताण पाहावा तसा. तांब्याच्या पंख्यावर हात ठेवला आणि मान हलवली. "बारीक बोलतो खरा. पण सुईसारखा. बुवांच्या आवाजात आरपार जाईल." दुसऱ्यावर ठेवला. "हा फिरता फिरता अडखळतो. दर फेरीला एक टिचकी. ऐक." देवकीला आधी ऐकू येईना. मग ऐकू आली, आणि मग तेवढीच ऐकू येऊ लागली. तिसऱ्यावर हात ठेवून काका बराच वेळ थांबले.

"हा उसासतो," ते म्हणाले. "झोपलेल्या माणसागत. एका सुरात, खाली खाली. ह्याच्यावर बुवांचा आवाज बसेल. पाण्यावर नाव बसते तसा."

"पण काका, ह्याचा आकडा जास्त हाय."

"असू दे. मोठं पातं हाय, म्हणून सावकाश फिरतंय. लांब वल्हं असलं की नावाडी घाई करतो का?"

देवकीने तांब्याच्या खोक्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. छापलेला आकडा समोर होता. आणि इकडे एक म्हातारा, ज्याला तो आकडा वाचताही येत नव्हता. चूक झाली तर दुसरा पंखा आणायला वेळ नव्हता. चार दिवस उरले होते आणि त्या चार दिवसांनंतर कदाचित काहीच नव्हतं.

"तांब्याचा जड पण आहे," चंदा हळूच म्हणाली. "तुमचं कॅबिनेट उभं. आत आडवा लटकेल तो. बोर्ड वाकायचा."

"काळा द्या," देवकी म्हणाली.

चंदाने खोकं बांधलं, वर एक नखाएवढी पिशवी ठेवली. "ही पेस्ट. प्रोसेसर आणि ठोकळा ह्यांच्या मधे लावायची. विसरू नका." शटर वर गेलं आणि तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आत आलं.

आता नीट ऐका, कारण चूक इथे झाली.

गुरुवारी सकाळी देवकीने कॅबिनेट उघडलं. जुना पंखा उतरवला. नवा ठोकळा बसवायचा तर दोन्ही हातांनी खिटी दाबून धरावी लागणार होती, म्हणून पेस्टची पिशवी तिने काकांच्या हातात दिली. काकांनी ती फोडली, आतलं पांढरं लोण्यासारखं काहीतरी बोटावर घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला. ही तर त्यांच्या ओळखीची गोष्ट. पखवाजाच्या डाव्या पुडीला वाजवायच्या आधी भिजवलेली कणीक लावतात, चांगली जाडजूड. ती नसली तर पखवाज नुसता ठणठण करतो. कणीक बसली की खोल बोलतो. तीस वर्षं रोज संध्याकाळी हेच हात कणीक थापत आले होते. त्यांनी सगळी पिशवी रिकामी केली, बोटाने गोल थापली, कडेने दाबली आणि म्हणाले, "घे. आता ह्याचा आवाज बाहेर येत नाय."

देवकीचं लक्ष खिटीकडे. ठोकळा बसला. यंत्र चालू केलं.

काय सांगावं तुम्हाला. खोलीत असं झालं की बाहेरच्या कडुनिंबावरचे कावळे ऐकू येऊ लागले. देवकीने दार लावलं, छतावरचा पंखा बंद केला. दहाला लाइट जायची, तिला दीड तास होता. बुवांनी डोळे मिटून हात जोडले आणि आख्यान सुरू केलं. आवाज घासलेला होता, थकलेला होता, पण त्यात नदी होती. कमळूकाका भिंतीशी बसले होते. नावाडी आला, गावकरी बसले, नाव निघाली, मधल्या धारेत वल्हं थांबलं.

आणि पडदा काळा झाला.

लाइट गेली नव्हती. ट्यूबलाइट जळत होती. यंत्राने आपणहून जीव सोडला होता. देवकीने ते पुन्हा चालू केलं, शोधलं, दोनदा शोधलं. पंचवीस मिनिटांतलं एक अक्षर उरलं नव्हतं. मधे कुठे साठवून ठेवायला हवं होतं ते बुवांचं ऐकता ऐकता राहिलं.

बुवांनी नव्याने सुरू करायला तोंड उघडलं. घशातून नुसती हवा आली.

देवकीने चंदाला फोन लावला. चंदाने सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "पेस्ट किती लावली?"

"सगळी."

"सगळी म्हणजे?"

"चांगली जाड थापली, कणकेसारखी."

"ताई, ती दोन धातूंच्या मधल्या, डोळ्याला न दिसणाऱ्या खाचा भरायला असते. कागदासारखी पातळ लावायची. जाड लावलीत तर तीच गोधडी होते. उष्णता वर जाणार कशी? त्यात पंखा सावकाश फिरणारा, आणि दिवस वैशाखाचे."

कमळूकाका उंबऱ्यात उभे राहून ऐकत होते. देवकीने फोन ठेवला तेव्हा ते तिथे नव्हते. अंगणात आंब्याखाली बसले होते, पखवाज खोळीसकट मांडीशी घेऊन. चहा नेला तर घेतला नाही.

"काका, तुमची चूक नाय. मीच बघायला पायजे होतं."

"कणीक लावतात जास्तीच," ते म्हणाले. "पण मंग वाजवून बघतात आणि बोटानं काढत जातात. जरा काढ, वाजव. जरा काढ, वाजव. आवाज बसला की हात थांबवायचा. माझं काढायचंच ऱ्हायलं गो. एवढी वर्षं ज्याच्या मागं वाजवलं, त्याचं शेवटचं गाणं मी गिळलं."

शुक्रवारी बुवांचा आवाज उमटलाच नाही. शनिवारी वाल्मिकने त्यांना ओठही हलवू दिले नाहीत. गरम पाणी, हळद, आणि गप्प बसणं. त्याच दिवशी देवकीने ठोकळा उतरवला. कमळूकाकांना बळेच शेजारी बसवलं. आधी जास्तीची पेस्ट त्यांनीच काढली, जुन्या पोस्टकार्डाच्या कडेने, इतक्या हळू की देवकीला श्वास धरून बसावं लागलं. जरा काढत, उजेडात तिरपं धरून पाहत, पुन्हा काढत. शेवटी प्रोसेसरवर उरला तो पांढुरका ओलावा, गंध सुकल्यावर कपाळावर राहतो तेवढा. देवकीने खिटी लावली. दिवसभर यंत्र चालू ठेवलं, भर दुपारी पत्रिका जुळवत बसली. ते तापलं नाही, आणि उसासत राहिलं.

संध्याकाळी बुवा अंगणात आले. कमळूकाका अजून खाली मान घालून होते. बुवांनी पाटी त्यांच्यापुढे धरली, मग काकांना वाचता येत नाही हे आठवून देवकीला हाक मारायची खूण केली. देवकीने वाचलं.

"'कमळू, यंत्र बंद पडलं ते बरोबर समेवर पडलं. तुझ्या हाताखालचं म्हणायचं.'"

कमळूकाका पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "बुवांना आता जागा सापडली माजी मस्करी करायला," ते म्हणाले.

बुवांनी पाटी पुसून पुन्हा लिहिलं. देवकीने वाचलं, "'उद्या तू माझ्या डाव्या हाताला बस.'"

"बसून काय करू? वाजवायचं तर नाय."

बुवांनी पाटी पुसून काखेत मारली.

रविवारी दाराशी जीप नऊ वाजता यायची होती. सातला खोली बंद झाली. देवकीने देवाजवळ निरांजन लावलं आणि खुर्चीशी बसून माउसवर हात ठेवला. दर पाच मिनिटांनी साठवायचं, हे तिने हातावर पेनाने लिहून ठेवलं होतं. बुवा खुर्चीवर. डाव्या हाताला, जमिनीवर, कमळूकाका. पुढ्यात पखवाज नाही. मांडी घातलेली, आणि बोटं चुकून जमिनीवर पडू नयेत म्हणून दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून धरलेले.

बुवांनी सुरुवात केली. घसा गुरुवारपेक्षा बसलेला होता. काही शब्द निम्मेच बाहेर पडत, निम्मे ऐकणाऱ्याने पुरे करायचे. पण मागे काही नव्हतं. इतकं काही नव्हतं की बुवा कुजबुजले तरी ते पोचत होतं, आणि न बोलता नुसता श्वास घेतला तरी तोही पोचत होता. नावाडी आला. गावकरी बसले. नाव निघाली. देवकीने साठवलं. मधली धार आली आणि वल्हं थांबलं.

मांडवात इथे बुवा थांबत आणि कमळूकाकांचा हात पडे. नदीचं पाणी, नावेचं वाहवत जाणं, भोवरा, सगळं त्या हातातून यायचं. तीस वर्षांत ही जागा बुवांनी कधी बोलून भरली नव्हती. आजही ते थांबले. त्यांनी डावीकडे पाहिलं. कमळूकाकांनी वर पाहिलं. दोघांच्या माना अगदी बारीक हलू लागल्या, एकाच चालीत. तळहात मांड्यांखाली तसेच दाबलेले. खांद्यांतून मात्र देवकीला दिसत होतं, आता पाणी संथ आहे, आता चढलं, आता भोवरा. खोलीत एक आवाज नव्हता. पडद्यावरची रेघ सरळ चालली होती, एखादीच बारीक थरथर घेत. तिला वाटलं, आबा विसरले की काय. तिला वाटलं, घसा गेला.

मग कमळूकाकांची मान एकदा खाली आली, आणि त्याच क्षणी, केसाचंही अंतर न ठेवता, बुवांचा आवाज उमटला, "आन् मंग पाण्यातून कुणीतरी हाक मारली, ए नावाड्या..."

आख्यान पुरं झालं तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. देवकीने साठवलं. पुन्हा साठवलं. दोन सीड्या तिथल्या तिथे करून एक देवघरात ठेवली. बुवांनी खुर्चीवरून उठून कमळूकाकांच्या डोक्यावर हात ठेवला आणि जीपची वाट बघत पायरीवर जाऊन बसले.

ऑपरेशन झालं. जीव वाचला. बुवा पुढे पुष्कळ वर्षं शेतावर गेले, नातवंडांना खेळवलं, सप्ताहात पहिल्या रांगेत बसून ऐकलं. बोलायचे तेव्हा मात्र ओठ हलायचे आणि हवा यायची. त्याचं त्यांना फारसं वाटे असं दिसलं नाही. कुणी हळहळलं तर पाटीवर लिहीत, 'माझं सांगून झालंय.'

वाल्मिकने पन्नास सीड्या केल्या. त्या सापगावातून शहापूर, खर्डी, भातसानगर, मुरबाड अशा घरोघर गेल्या. आणि मग तक्रारी यायला लागल्या. खर्डीच्या जनाबाईने निरोप धाडला की आमची सीडी मधेच बंद पडते. कुणी प्लेअरला चापट्या मारल्या, कुणी सीडी साबणाने धुतली. देवकीने मोजून पाहिलं होतं. वल्हं थांबतं ती मुकी जागा एकवीस सेकंदांची आहे. तेवढं कापून टाकणं तिच्या हाताचा खेळ होता. वाल्मिकनेही सुचवलं. देवकीने कापलं नाही.

कमळूकाका त्यानंतर तिसऱ्या वर्षी गेले. हयातीत त्यांचा पखवाज कुणी नीट रेकॉर्ड करून ठेवला नाही. ज्या कॅसेटींत तो होता त्या बुरशीने नेल्या. आज त्यांच्या हातचं म्हणून जे काही उरलं आहे, ते त्या एकवीस सेकंदांत आहे.

म्हणून तुमच्याकडे एवढंच मागणं. ती सीडी कुठे ऐकायला मिळाली तर बुवांना तुम्ही आठवालच, ते सांगायला नको. पण नाव मधल्या धारेत थांबेल, बुवा थांबतील, आणि काहीच ऐकू येणार नाही. तिथे प्लेअरला हात लावू नका. शेजाऱ्याशी बोलू नका. तेवढा वेळ मान खाली घाला आणि कमळूकाकांना आठवा.